हमीदभाईंनी न वाचलेलं नाव

७ मार्च, शनिवार. कामावर अर्धी रजा टाकली आणि दहाच्या सुमारास शाहूपुरीत हमीदभाईंचं दुकान रिकामं करायला गेले. बरोबर पुठ्ठ्याची तीन खोकी, चिकटपट्टी, मार्कर आणि जुनी फडकी घेतली होती. दुकान म्हणजे जिन्याखालचा सात बाय नऊचा गाळा. घरमालकाला तो महिनाअखेर परत हवा आहे. हमीदभाईंची मुलगी नसीमा दवाखान्यात नर्स आहे. तिनं वडिलांच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर एकच निरोप पाठवला होता. अब्बा वारले, तुमचं काही सामान दुकानात राहिलं असेल तर घेऊन जावं. माझं काही राहिलेलं नव्हतं. तरी मी फोन केला आणि आवरायला येते म्हणाले. 'तुम्ही?' असं तिनं विचारलं, मग 'या' म्हणाली. तिनं तसं का विचारलं ते मला ठाऊक होतं.

रोजे चालू आहेत, म्हणून चहाचा थर्मास पिशवीतून काढलाच नाही. कामाला लागलो.

हमीदभाईंचं आडनाव पटवेगार. पटवेगार म्हणजे मूळचे रेशमाच्या दोऱ्याचं काम करणारे. हमीदभाईंचे आजोबा दागिने ओवून द्यायचे. वडिलांनी पोलिसांच्या वर्दीचं सामान ठेवायला सुरुवात केली आणि हमीदभाईंनी तेच पन्नासएक वर्षं चालवलं. शिट्टीच्या दोऱ्या, खांद्यावरचे गोफ, बक्कल, बटणं, आणि मुख्य म्हणजे पदकं. पदकांच्या फिती जीर्ण झाल्या की बदलायच्या, ती पट्टीवर एका रेषेत बसवायची, फ्रेम करून द्यायची. हे काम नीट करणारा दुसरा माणूस कोल्हापुरात नव्हता. सांगली-साताऱ्याहूनही लोक यायचे.

माणूस ठेंगणा. कान मोठे. गळ्यात काळ्या दोऱ्यात घड्याळजीचं भिंग. मे महिन्यातही पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. अकरा वाजता एक केळं खायचे आणि साल कागदात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवायचे. दुकानात टाकलं की चिलटं येतात आणि चिलटं फितीवर बसतात, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकानं फितीला हात लावला तर हातावर फटका मारायला कमी करायचे नाहीत, मग त्याच्या खांद्यावर कितीही फुलं आणि तारे असोत.

पदक घासायला मात्र त्यांचा सक्त विरोध. एकदा माझ्यासमोर एक बाई सासऱ्यांचं पदक घेऊन आल्या. घरात लग्न होतं, पदक नव्यासारखं चकचकीत करून हवं होतं. हमीदभाईंनी ते फलालीनच्या तुकड्यानं दोनदा पुसलं आणि परत दिलं. बाई म्हणाल्या, एवढंच? ते म्हणाले, "घासलं की नाव पुसतं. चकचकीतच पायजे असंल तर पलीकडं भांड्याचं दुकान हाय, स्टीलचा डबा घ्या." बाई रागानं गेल्या. तिसऱ्या दिवशी दुसरं पदक घेऊन आल्या.

नाव, म्हणजे ज्याला पदक मिळालं त्याचं नाव. बऱ्याच जुन्या पदकांच्या कडेवर किंवा पाठीवर मालकाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. पदक हातात आलं की हमीदभाई आधी ते उलटं करायचे, भिंग डोळ्याला लावायचे, आणि मग स्टुलावरून उठून उभे राहून ते नाव मोठ्यानं वाचायचे. काम झालं की परत देतानाही तसंच. "नावानं घ्यायचं, नावानं द्यायचं," एवढंच ते त्याबद्दल सांगायचे. वाचून होईपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही. शेजारचा झेरॉक्सवाला थट्टेनं ओरडायचा, "चला, परेड सुरू झाली." हमीदभाई नाव पूर्ण करायचे आणि मग त्याला एक सणसणीत शिवी द्यायचे.

एकदा एक नवे साहेब आले होते. छातीवरच्या रंगीत फितींची पट्टी नवीन करून हवी होती. हमीदभाईंनी प्रत्येक फितीमागचं पत्र मागितलं. साहेब म्हणाले, शेवटचं अजून यायचंय, पण नक्की आहे. हमीदभाईंनी चार फिती शिवल्या, पाचवी कात्रीनं कापून साहेबांच्या हातावर ठेवली. बाहेर साहेबांचा ड्रायव्हर सगळं बघत होता. हमीदभाई म्हणाले, "ही तुमची न्हाय, साहेब. पत्र आलं की या, फुकट शिवतो." वर्षानं ते पत्र घेऊन खरंच आले. हमीदभाईंनी पाचवी फीत शिवली, पट्टी हातभर लांब धरून बघितली आणि म्हणाले, "आता बसली. गेल्या साली वाकडी दिसत हुती."

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली होती. गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त हवालदारानं तीन पदकं फिती बदलायला टाकली आणि दोन वर्षं तो आलाच नाही. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर हमीदभाई एसटीत बसले. गाव सापडलं, घर सापडलं, पण दाराला कुलूप. शेजारी कानडी बोलणारे. हातात पेटी घेतलेला अनोळखी माणूस म्हणजे वीज तोडायला आलेला, असं धरून गल्लीतली सगळी दारं लागली. हमीदभाई कट्ट्यावर बसून राहिले. संध्याकाळी हवालदाराचा मुलगा रानातून आला तेव्हा कळलं, वडील वर्षापूर्वीच गेले. हमीदभाई उठून उभे राहिले, तीन पदकांवरचं तेच नाव तीनदा वाचलं, आणि पेटी मुलाच्या हातात दिली. मी विचारलं होतं, पोस्टानं नसती पाठवता आली? "पोस्टमन वाचतोय व्हय?" ते म्हणाले.

आता आमच्या पदकांबद्दल.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संस्थानच्या काळापासून पोलिसात होते. फौजदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरी पुढच्या खोलीत त्यांचा फोटो आणि त्याखाली काचेच्या फ्रेममध्ये जांभळ्या मखमलीवर एक तारा आणि दोन गोल पदकं, अशी तीन पदकं होती. दुसऱ्या महायुद्धातली. आबा ब्रह्मदेशात लढले, परत येऊन पोलिसात गेले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खंडेनवमीला आबांच्या जुन्या तलवारीबरोबर फ्रेमलाही हार घातला जायचा. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. आबांच्या लढाईबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे. मला वाटायचं, त्यांना गहिवरून येत असेल.

वडील जाऊन सात वर्षं झाली. गेल्या वर्षी आमच्या गावानं, पन्हाळ्याच्या अलीकडं आमचं गाव आहे, नव्या वाचनालयाला आबांचं नाव द्यायचं ठरवलं. पदकांची फ्रेम तिथं लावायची, शेजारी पाटीवर त्यांच्या कामगिरीची माहिती. माहिती काढण्याचं काम मी अंगावर घेतलं. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मी माल तपासणी बघते. वीस वर्षं ओतीव भागांच्या चुका पकडल्यात, कागद नीट लावते, लोकांना वेळेवर कामाला लावते. म्हणजे हे काम माझंच होतं.

श्रावणात फ्रेम हमीदभाईंकडं नेली. मखमलीला कसर लागली होती, फिती विरल्या होत्या. त्यांनी मागचे खिळे काढले, तारा तळहातावर घेतला, उलटा केला, भिंग लावलं. मी फोनवर कामाचे निरोप बघत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की ते अजून बसलेलेच आहेत. त्यांनी विचारलं, "आबांचं दुसरं काही नाव हुतं का, ताई? घरातलं, पाळण्यातलं?"

मी नाही म्हणाले.

"गुरुजींनी कधी काही सांगितलेलं?"

"कशाबद्दल?"

"न्हाय, सहज." गुरुवारी या म्हणाले.

गुरुवारी फ्रेम तयार होती. नवी मखमल, नव्या फिती. खिळ्यांऐवजी मागं दोन पितळी कड्या लावल्या होत्या. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. नाव वाचलं नाही. "मागनं उघडती, ताई. कधी बगावंसं वाटलं तर," म्हणाले. मी घाईत होते. वाचलं नाही हे माझ्या लक्षात आलं, पण म्हातारा आता थकला असं मनात म्हणून निघाले.

रविवारी पाटीसाठी पदकांचे फोटो काढायला म्हणून कड्या फिरवल्या आणि ताऱ्याची पाठ बघितली. इंग्रजी ठोक्यात एक नंबर, शिपाई, राणबा तुकाराम, आणि पलटणीचं नाव. दोन्ही गोल पदकांच्या कडेवर तेच. माझ्या आजोबांचं नाव कुठंच नाही.

मी दुसरा विचार केला नाही. माल तपासणारी बाई पहिल्यांदा शेवटचा हात कुणाचा लागला ते बघते. दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन दुकानात गेले. दोन शिपाई आणि एक महिला हवालदार तिथं उभे होते. मी त्यांच्यासमोरच तारा काउंटरवर उलटा ठेवला. विचारलं, ही पदकं कुणाची आहेत. हमीदभाईंनी तारा बघितला, माझ्याकडं बघितलं. मग मी बोलत गेले. आमच्याकडं असा माल आला तर मी दारातूनच परत पाठवते, असं काही. आणि शेवटी हे.

"नजर गेली असेल तर तसं सांगा. लोकांच्या घरातल्या वस्तू कशाला बदलताय?"

"दुकानात दुसरा संच न्हाय, ताई."

"मग आमचा कुठं गेला?"

त्यांनी गळ्यातलं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. "तुम्ही म्हणतासा तर बगतो," म्हणाले आणि वरच्या डाव्या खणापासून सुरुवात केली. एक खण बाहेर ओढायचे, सामान कापडावर ओतायचे, बोटानं चाचपायचे, परत भरायचे. मग पुढचा. महिला हवालदार आपलं काम न सांगताच निघून गेल्या. मी अर्धा तास उभी राहून बघत होते. एक खण त्यांनी उघडून लगेच बंद केला, तो राहिला म्हणून मी त्यांना सांगितलंसुद्धा. "त्यात कागद हायती," एवढंच ते म्हणाले.

घरी येऊन मी पोलीस कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. दोनशेच्या वर माणसं आहेत त्यात. शाहूपुरीत पदकं देताना आधी फोटो काढून ठेवा, म्हातारपणामुळं अदलाबदल होते आहे. नाव लिहिलं नाही. शाहूपुरीत हे काम करणारा एकच माणूस होता, नाव लिहायची गरज नव्हती. खाली लोकांनी आभार मानले.

दिवाळीनंतर आबांचे कागद मिळाले. संस्थानच्या पोलिसांची जुनी दप्तरं जिथं ठेवलीत तिथं अर्ज केला होता, चार हेलपाटे झाले होते. आबांच्या नोकरीचं पान दोन बाजूंचं होतं. भरतीपासून निवृत्तीपर्यंत एक दिवसाचाही खंड नाही. युद्धाच्या सगळ्या वर्षांत ते शाहूवाडीकडच्या एका ठाण्यात होते. ब्रह्मदेशात नाही, पलटणीत नाही, कुठंच नाही. त्याच गठ्ठ्यात एक यादी होती. युद्धातून परत न आलेल्या शिपायांची पदकं वारसांना घरी नेऊन द्यायला ठाण्यात आली होती, ती ताब्यात घेतल्याबद्दल आबांची सही. खाली अकरा नावं, वाडीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात पोच. दहा नावांसमोर दहा अंगठे. अकराव्यासमोर जागा कोरी. अकरावं नाव राणबा तुकाराम.

आबांनी ती का नेऊन दिली नाहीत ते कागदावर नाही. वाडी लांब असेल, ओढ्याला पाणी असेल, बदली झाली असेल. आपली म्हणून भिंतीवर केव्हा लावली, तेही कुठं लिहिलेलं नाही.

मी ती पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. तिथल्या कारकुनानं विचारलं, मिळालं का हवं ते. मी हो म्हणाले.

त्या दिवशी परतताना शाहूपुरीवरूनच आले. गाडी थांबवली नाही. उद्या जाते म्हटलं. मग कामावर तपासणीला बाहेरचे लोक येणार होते, ते झालं की जाऊ. मग थंडी-ताप. मग निमंत्रणपत्रिका छापून आल्या, त्यावर आबांच्या नावाआधी 'युद्धवीर' होतं. तो शब्द मीच दिला होता. आता हे सांगितलं तर गावात काय होईल, भाऊ काय म्हणेल, वहिनी कुठं कुठं सांगत सुटेल, हे सगळं मी मनात मांडून बघितलं आणि गप्प राहिले. हमीदभाईंचं काय होतंय ते मांडलं नाही. ज्या बाईनं पाच मिनिटांत माणूस आरोपीच्या जागी उभा केला, तिला 'माझं चुकलं' म्हणायला अडीच महिने पुरले नाहीत.

सव्वीस जानेवारीला वाचनालयाचं उद्घाटन झालं. माईकवर मी बोलले. आबा ब्रह्मदेशच्या जंगलात कसे लढले ते सांगितलं, आणि बरं सांगितलं. पर्स खुर्चीवर होती, पर्समध्ये यादी होती. बोलता बोलता मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी हमीदभाई उभे दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी त्यांना बोलावलं नव्हतं. टाळ्या झाल्या तेव्हा ते टाळ्या वाजवत नव्हते. मी नजर खाली कागदाकडं घेतली, आणि कागदावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत ते गेले. नसीमाचा निरोप आला तेव्हा कळलं. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

तर आज आम्ही दोघी खण रिकामे करत होतो. बटणं एका खोक्यात, फितीची रिळं दुसऱ्यात. न नेलेली सहा पदकं निघाली, त्यांवरची नावं मी लिहून घेतली. नसीमा कमी बोलत होती. पंधरा ऑगस्टच्या आधी दारात रांग असायची, या सव्वीस जानेवारीच्या आधी तिघं आले होते, हे तिनं रीळ गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता सांगितलं. साडेबाराच्या सुमारास तिनं एक खण पूर्ण बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हा तुम्ही बगा."

ज्या खणात कागद आहेत म्हणून ते म्हणाले होते, तोच. आत पातळ कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, रबर लावून गठ्ठे केलेल्या. हमीदभाई प्रत्येक पदकाच्या नावावर कागद धरून त्यावर शिसपेन्सिल घासायचे, ठसा उठायचा. मागच्या बाजूला कुणी आणलं ते लिहायचे. पट्ट्या आणणाऱ्याच्या आडनावाप्रमाणं लावलेल्या होत्या. आमच्या आडनावाच्या गठ्ठ्यात एकच होती. पुढं पेन्सिलीच्या करड्या रंगात पांढरी अक्षरं. राणबा तुकाराम. मागं हमीदभाईंच्या गोल अक्षरात तीन ओळी. गुरुजी फ्रेम घेऊन आले. नाव वाचलं. गुरुजी म्हणाले घरात कुणाला सांगू नको, मी स्वतः नेऊन देतो, मी हो म्हटलं. खाली तारीख. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाची.

म्हणजे वडिलांना ठाऊक होतं. त्यांनीही नेऊन दिली नाहीत. आणि मी काउंटरवर तारा उलटा ठेवला त्या दिवशी ही पट्टी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

नसीमा म्हणाली, "त्या दिवशी घरी आले ते जेवले न्हाईत. मी म्हटलं, ती पट्टी त्यांच्या तोंडावर टाका की. तर म्हणाले, गुरुजींना हो म्हटलंय."

मी खाली बसले. बसायला हमीदभाईंचं ते स्टूलच होतं. मग तिला सांगितलं. तिच्या अब्बांनी पदकं बदलली नव्हती हे मला आज कळलेलं नाही. दिवाळीपासून ठाऊक आहे.

तिचे हात थांबले. "फंक्शनच्या दिवशी पण ठाऊक हुतं?"

"हो."

तिनं हातातलं रीळ खोक्यात टाकलं. मग म्हणाली, "दप्तरातला कारकून अब्बांचं गिऱ्हाईक. तुम्हाला यादी मिळाली हे त्यानं सांगितलेलं. अब्बा तिथं कशापायी आलते ठाऊक हाय? त्यांना वाटलं, तुम्ही माईकवर सांगणार. मला म्हणाले, गुरुजींची लेक हाय, सांगंल, आपण हजर असावं."

मी ती पट्टी परत गठ्ठ्यात घातली आणि रबर लावलं. 

त्या दिवशी भाषण झाल्यावर मंडपात जेवणाच्या पंगती बसत होत्या. हमीदभाई माझ्याकडं चालत आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर विचारणार.  ते समोर उभे राहिले, थोडं थांबले. मी काही बोलेन म्हणून थांबले होते, हे आज कळतंय. मी म्हणाले, "जेवून जा, हमीदभाई."

"न्हाय ताई. शेवटची एसटी हाय."

दुपारचे दोन वाजले होते. आमच्या गावातून शेवटची एसटी संध्याकाळी सहाला असते. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. त्यांनी टोपीवरून रुमाल बांधला आणि उन्हातून थांब्याकडं चालू लागले. थांब्यावर सावली नाही. वाढपी पोळ्यांची पाटी घेऊन आडवा आला, तो बाजूला झाला तेव्हाही ते तिथंच उभे होते, पाठ माझ्याकडं, रस्त्याकडं बघत.

८ मार्च. सकाळी सहाला ग्रुपवर लिहिलं. ऑगस्टमध्ये मी शाहूपुरीतल्या हमीद पटवेगारांबद्दल लिहिलं ते खोटं होतं. त्यांनी काही बदललं नव्हतं. मला दिवाळीपासून ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. या वेळी नाव लिहिलं, त्यांचं आणि माझंही. नसीमालाही तेच पाठवलं. निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं वाचलं. मग स्कूटरच्या डिकीत पेचकस टाकला आणि गावी गेले.

रविवार, वाचनालय उघडं होतं. सरपंचांना बोलावून घेतलं आणि यादी पुढ्यात ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आक्का, आता दीड महिना झाला. फौजदार तर हुतंच की आबा?"

"फौजदार होते. लढाईला गेले नव्हते."

"मग तेवढा एक शब्द रंगवून घेऊया. पदकं ऱ्हाऊ द्यात, भिंत शोभती."

मी म्हणाले, भिंत आपली आहे, पदकं दुसऱ्याची आहेत. यादीत वाडीचं नाव आहे, तिथं आता कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आज जाऊन विचारणार आहे. वर्तमानपत्र वाचत बसलेली चार-पाच माणसं उठून जवळ आली. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आबांनी दिली नाहीत, माझ्या वडिलांनी दिली नाहीत, आणि सव्वीस जानेवारीला मी तुमच्यासमोर उभं राहून जाणूनबुजून खोटं बोलले.  एक म्हातारबा म्हणाले, मला तर भाषण लई आवडलेलं.

फ्रेम उतरवून पिशवीत ठेवली. मग स्टुलावर चढून पाटीला हात घातला. पाटी चार स्क्रूंवर होती. तीन निघाले. चौथा गंजून बसला होता, पेचकस नुसता घसरत होता. सरपंचांनी शेवटी कुणाला तरी हातोडी आणायला पाठवलं. तो येईपर्यंत मी स्टुलावरच उभी राहिले, आणि खाली उभे असलेले सगळे माझ्याकडं बघत होते.